गिरगावचा पुनर्विकास आणि निवृत्तीची पुंजी : जादा जागा विकत घ्यावी का?

ठाकूरद्वार परिसरातील एका चाळीत राहणाऱ्या वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. ते वयाच्या साठाव्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि आजवरची बचत मिळून त्यांच्याकडे ८५ लाख रुपये आहेत, महिना २,९०० रुपयांचे निवृत्तिवेतन मिळते आणि पतिपत्नींचा घरखर्च ३८,००० रुपये आहे. चाळ १९४० पूर्वीची, उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) आणि पागडीची (एकरकमी मोबदला देऊन घेतलेल्या, हस्तांतर करता येणाऱ्या भाडेहक्काची) असून त्यांची खोली १८० चौरस फुटांची आहे. पुनर्विकासात विकासक ४०५ चौरस फुटांचे घर विनामूल्य देणार आहे. त्याशिवाय चौरस फुटाला ४०,००० रुपये दराने १५० चौरस फूट जादा क्षेत्रफळ घेण्याचा प्रस्ताव त्याने ठेवला आहे, आणि उत्तरासाठी महिनाअखेरची मुदत दिली आहे. शेजारच्या नव्या इमारतीत ५५,००० रुपयांचा भाव चालू आहे. भुयारी मेट्रोचे स्थानक पायाशी आले, दक्षिण मुंबई पुन्हा उभी राहते आहे, ही संधी सोडू नये, असे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे म्हणणे आहे. दुसरीकडे, पागडीची खोली ७५ लाखांना घ्यायला एक जण तयार आहे, तेव्हा ती विकून डोंबिवलीला जावे काय, असाही विचार त्यांच्या मनात आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाचे निरीक्षण खोटे नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे आणि अंधेरीकडे सरकल्या, वाड्यांमधली मुले लग्न झाल्यावर ठाणे, डोंबिवली, वसई गाठू लागली. त्या मानाने २०२४ पासून बरेच पालटले आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि त्याच वर्षी मार्चपासून टप्प्याटप्प्याने सागरी किनारा मार्ग खुला झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ पूर्ण धावू लागली, तेव्हा काळबादेवी आणि गिरगाव ही स्थानकेही सुरू झाली. या भागाला पुन्हा मागणी येणार, हे मलाही मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की या वाढीत तुमचा वाटा आजच किती आहे, आणि तो आणखी वाढवण्यासाठी कोणते पैसे वापरले जात आहेत.

तुम्ही सांगितलेल्या ५५,००० च्या भावाने ४०५ चौरस फुटांच्या घराची किंमत सव्वादोन कोटींच्या जवळ जाते. ताबा मिळेपर्यंत हा आकडा कागदावरच राहील. तरीही तुमच्या एकूण संपत्तीचा सर्वांत मोठा भाग आताच गिरगावातल्या एका इमारतीत आहे. उरलेले ८५ लाख हीच काय ती तुमची मोकळी रक्कम. त्यातलेही ६० लाख त्याच इमारतीत, त्याच विकासकाच्या भरवशावर घालायचे म्हणजे इमारत रखडली तर घर, ताबा मिळेपर्यंत विकासक देणार असलेले पर्यायी जागेचे भाडे आणि पुंजी अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी अडकतील. गिरगावचे दर वाढले तर त्याचा लाभ तुम्हाला त्या ४०५ चौरस फुटांतून मिळणारच आहे, आणि त्यासाठी एक पैसाही मोजायचा नाही.

आता ६० लाखांचा हिशेब नीट मांडू. किंमत ६० लाख असली तरी खर्च तेवढ्यावर थांबत नाही. पुरुषाच्या नावावरील खरेदीला मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे किमान ३ लाख ६० हजार; नोंदणी शुल्क ३० हजार; आणि बांधकाम चालू असलेल्या जागेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. एकूण ६६ लाख ९० हजार गेले, की तुमच्या हाती जेमतेम १८ लाख उरतात. ते सगळेच्या सगळे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्के दराने ठेवले तरी महिन्याला १२,३०० रुपये येतील. निवृत्तिवेतन धरून १५,२०० होतात आणि खर्च ३८,००० आहे. तूट मुद्दलातून भागवत गेलात तर महागाई न धरताही ही रक्कम साडेपाच वर्षांच्या आसपास संपते. विकासकाने साडेतीन वर्षांत ताबा देण्याचे कबूल केले आहे असे तुम्ही लिहिता. त्याने शब्द पाळला तरी नव्या घरात गेल्यावर दोनच वर्षांत तुमच्याकडे दैनंदिन खर्चाला पैसे नसतील, आणि तेव्हा तुमचे वय पासष्ट-सहासष्ट असेल.

यावर मुलगा म्हणेल, की ४०,००० ला घेतलेल्या जागेचा भाव आजच ५५,००० आहे, म्हणजे साडेबावीस लाखांचा फायदा पहिल्या दिवसापासून आहे. हा फायदा खरा मानला तरी तो हाती कसा येणार? घरातली एक खोली वेगळी काढून विकता येत नाही. विकायचे तर अख्खे घर विकावे लागते, आणि गिरगाव सोडायचे नाही असे तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे. ती खोली भाड्याने देणेही तुमच्या राहणीत बसणारे नाही. मुंबईत घरभाड्याचे उत्पन्न किमतीच्या मानाने कमीच असते, आणि तुम्ही स्वतः वापरत असलेल्या खोलीतून तेवढेही येणार नाही. ज्या पैशातून दर महिन्याचा किराणा आणि औषधे यायची आहेत, तो पैसा तुम्ही जिवंत असेपर्यंत न मोडणाऱ्या वस्तूत घालत आहात.

आणखी एक बाब तुमच्या पत्रात कुठेही दिसली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. तुमचे ४०५ चौरस फुटांचे घर या माफीत बसते. ५५५ चौरस फुटांचे बसत नाही. हा कर एकदा लागू झाला, की तो दरवर्षीचा खर्च होऊन बसतो. शिवाय उंच इमारतीत उद्वाहने, अग्निशमन यंत्रणा आणि पाण्याचे पंप यांचा देखभालखर्च चाळीच्या भाड्याच्या सवयीने मोजून चालणार नाही. शेजारच्या ज्या इमारतीचा भाव तुम्ही विचारलात, तिथेच मासिक देखभालीची पावतीही पाहून घ्या.

वेळेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण शहर सावरते तेव्हा जमीन किती वाढली याची चर्चा सगळे करतात, किती वर्षांनी वाढली याची फारसे कोणी करत नाही. शेजारचे गिरणगाव पाहा. गिरणी कामगारांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला, गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाचे नियम १९९१ मध्ये आले, ते २००१ मध्ये बदलले, त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्ये निकाली निघाला. लोअर परळचे आजचे रूप त्यानंतरचे आहे. संप झाला तेव्हा जो कामगार चाळिशीत होता, तो हे टॉवर उभे राहीपर्यंत साठी ओलांडून गेला होता. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. तिथे तर जमीन सरकारची आणि काम म्हाडाकडे होते. खासगी पुनर्विकासातही वेळेत उभ्या राहिलेल्या इमारती आहेत, पण भाड्याचे धनादेश बंद पडून वर्षानुवर्षे बाहेर राहिलेली कुटुंबे गिरगावात आणि परळमध्ये तुमच्या माहितीतही असतील. बत्तीस वर्षांच्या मुलाला आठ-दहा वर्षे थांबता येते. तुमच्या उतारवयाची पहिली दहा वर्षे मात्र अशा प्रतीक्षेवर सोपवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून जादा क्षेत्रफळ स्वतःच्या पुंजीतून घेऊ नका. ८५ लाखांपैकी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. ती एका व्यक्तीची कमाल मर्यादा आहे आणि सध्याच्या दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्याची मर्यादा १५ लाख आहे, त्यातून ७.४ टक्के दराने महिन्याला ९,२५० येतात. निवृत्तिवेतन मिळवून ही रक्कम ३२,६५० होते आणि नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही. दरमहा विकासक देणार असलेले ३५,००० रुपये भाडे बंद पडले तर दोन वर्षे स्वतः भरता यावे, यासाठी साडेआठ लाख मुदत ठेवीत वेगळे ठेवा, आणि आजारपणासाठी साडेसहा लाख. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत ५ लाखांपुरतेच असते, तेव्हा या ठेवी तीन बँकांत विभागाव्यात. उरलेले २५ लाख हायब्रीड, म्हणजे शेअर आणि रोखे अशा दोन्हींत गुंतवणूक करणाऱ्या, म्युच्युअल फंडांत ठेवून त्यातून महिन्याला साडेपाच हजार काढले, की घरखर्च भागतो. सहा टक्के महागाई धरली तर आजचे ३८,००० बारा वर्षांनी ७६,००० होतात. व्याज देणाऱ्या योजना त्या वाढीला पुरे पडणार नाहीत, म्हणून हा शेवटचा भाग वाढता राहू द्यायचा आहे. बाजार पडला म्हणून घाबरून तो मोडू नये, यासाठीच आधीच्या ठेवी आहेत.

खोली विकून डोंबिवलीला जाण्याचा विचार मी फार लांबवणार नाही. पागडीच्या व्यवहारात घरमालक सर्वसाधारणपणे एक तृतीयांश रक्कम घेतो, त्यामुळे ७५ लाखांतले ५० लाखच तुमच्या हाती येतील आणि त्यावर भांडवली नफ्याच्या कराचा प्रश्न राहील. विकत घेणारा तुमच्याकडून पुनर्विकासाचा धोका घेतो आहे आणि त्याचे मोल म्हणून जवळपास दीड कोटींचा फरक स्वतःकडे ठेवतो आहे. विकासकाची विश्वासार्हता अगदीच ढासळलेली असती तर हा मार्ग विचारात घेतला असता. तुमच्या इमारतीला म्हाडाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महापालिकेची आयओडी, म्हणजे आराखड्याला सशर्त मंजुरी, मिळाली आहे, दोन मजल्यांवरील लोकांचे करारही झाले आहेत. आजच्या घडीला विकू नका.

मुलाला ही संधी खरोखर मोलाची वाटत असेल, तर त्याने ती स्वतःच्या पगारातून आणि गृहकर्जातून घ्यावी. त्यातही १५० ऐवजी ९० चौरस फूट मिळतील का, हे विचारा. एकूण ४९५ होऊन घर करमाफीत राहील आणि किंमत ३६ लाखांवर येईल. त्याने आपल्या बँकेत या प्रकल्पासाठी कर्ज मिळेल का याची चौकशी करावी. बँकेचे वकील जमिनीची कागदपत्रे तपासूनच प्रकल्पाला मंजुरी देतात, त्यामुळे बँकेने नकार दिला तर तो नकारच तुम्हा दोघांना पुरेसे उत्तर आहे. जादा क्षेत्रफळाचा करार नोंदणीकृत असावा आणि त्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्यात स्पष्ट आहे. तुमच्या पत्राप्रमाणे तो करारावर निम्मी रक्कम मागतो आहे, आणि बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, अजून हाती नाही. सीसीपूर्वी मोठी रक्कम देऊ नये. पुढचे हप्ते प्रत्येक स्लॅबशी जोडून घ्यावेत.

या सगळ्याच्या आधी करण्याचे एक काम तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत लिहिले आहे : भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर आहे. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत तातडीची ओळ तीच आहे. पुनर्विकासात घर कोणाला आणि किती मिळणार, हे म्हाडाने प्रमाणित केलेल्या भाडेकरूंच्या यादीवरून ठरते. भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळतो, आणि तुम्ही त्या खोलीत जन्मापासून राहत असल्याने तुमची बाजू भक्कम दिसते. तरीही वसईला असलेल्या बहिणीशी आताच मोकळेपणाने बोलून घ्या आणि तिचे संमतिपत्र वकिलाकडून करून घ्या. वडिलांचा मृत्यू दाखला, जुन्या पावत्या, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील नोंद जोडून पावती स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज घरमालकाकडे द्या, त्याची पोच घ्या, आणि त्याची प्रत म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाच्या कार्यालयातही दाखल करा. यादीत तुमच्या खोलीचे क्षेत्रफळ किती नोंदले आहे, तेही तिथेच पाहून या.

महिनाअखेरच्या मुदतीपूर्वी विकासकाला एवढेच लेखी कळवा, की विनामूल्य घराच्या करारास तुमची संमती आहे आणि जादा क्षेत्रफळाचा निर्णय सीसी मिळाल्यावर तुमचा मुलगा घेईल. दोन्ही विषय एकाच करारात गुंतवण्याचा आग्रह त्याने धरला, तर सही करण्यापूर्वी मसुदा वकिलाला दाखवा. जादा जागेचा प्रस्ताव त्याने मागे घेतला, तर तो घेऊ द्या.