डॅनिशमधले लांबलचक शब्द

प्रश्न : डॅनिश शब्द संपता संपत नाहीत. ते तोडायचे कुठे आणि उच्चारायचे कसे?

उत्तर : मीही आधी अक्षरं मोजत बसायचो. मग कळलं, शेवटून वाचायचं. आपला तत्पुरुषच तो, उत्तरपद प्रधान. ‘वीन’ म्हणजे वाइन, ‘ग्लास’ म्हणजे पेला. दोन्ही चिकटवून ‘वीनग्लास’. वीनचं लिंग सामान्य (म्हणजे पुल्लिंग-स्त्रीलिंग मिळून एकच), ग्लासचं नपुंसक, म्हणून अख्खा शब्द नपुंसक. गंमत पुढे आहे. रेड वाइनचा पेला म्हटला की मध्ये ‘स’ घुसतो : ‘रोदवीन-स-ग्लास’. पहिलं पद स्वतःच जोडशब्द असलं की हा सांधा बरेचदा येतो. बरेचदाच हं, नेहमी नाही, बाकी पाठांतर.

उच्चारात मुख्य आघात पहिल्या पदावर, पुढच्यावर हलका. सुटा ‘वीन’ म्हणताना घशात क्षणभर अडखळ येते, तिला ‘स्टॉड’ म्हणतात. ‘वीनग्लास’मध्ये ती गायब! मी ती ठेवायचो, म्हणून ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द वाटायचे.

लिहिताना मात्र मध्ये जागा सोडू नका. ‘लामेलोर’ म्हणजे कोकराची तंगडी. तोडून ‘लामे लोर’ लिहिलंत, तर लुळ्या मांड्या.