‘तक्रार केली तर पोरीचा खेळ संपेल ना, मॅडम?’

मी समुपदेशक आहे. प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाबद्दल बोलताना हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून इतक्या आईवडलांनी विचारलाय, की फक्त पोरीचं वय आणि खेळ बदलतो. म्हणून ही एक हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पंधरा वर्षांची मुलगी. कबड्डीत डावा कोपरा खेळणारी, जिल्ह्याच्या संघात निवडलेली. गुडघा दुखतो म्हणून दोन महिने सरावाला गेली नव्हती. डॉक्टरांना गुडघ्यात काही सापडलं नाही, तेव्हा तिला माझ्याकडं आणलं. नीकॅप मात्र तिनं घरातही काढली नव्हती.

आईला प्रशिक्षक सरांबद्दल अर्धवट कळलं होतं. वडील म्हणाले, ‘प्रमाणपत्र त्या सरांच्याच हातून येतं. दहावीचे वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, सगळं त्यावर. आणि 2023 ला दिल्लीत जंतरमंतरवर छळाविरुद्ध आंदोलनाला बसलेल्या, कुस्तीत ऑलिम्पिक पदक आणलेल्या पोरीला पोलिसांनी उचलून नेलं, ते आम्ही टीव्हीवर बघितलंय. आमचं कोण ऐकणार?’

ही भीती खोटी नाही. मी ती कधी खोडून काढत नाही. पण माझी घडण विवेकनिष्ठ विचारसरणीतली. ‘असं झालं तर वाईट होईल’ आणि ‘असं झालं तर सगळं संपेल’ या दोन वाक्यांतलं अंतर मी माणसाला दाखवल्याशिवाय राहत नाही. त्याच आंदोलनात पुढं असलेली कुस्तीगीर विनेश फोगाट 2024 ला पॅरिसमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचली होती. वजनानं घात केला, तो नंतर. मी वडलांना विचारलं, ‘दोन महिने पोरगी मॅटवर गेली नाही. तक्रार तर अजून झालीच नाही. मग खेळ कशानं थांबलाय?’ ते बराच वेळ खाली बघत बसले.

मुलीला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ‘तुझं बोलणं माझ्याजवळ राहील. पण कुणी तुला त्रास दिला असेल, तर मला ते कळवावं लागतं, कायदाच आहे. तुला न सांगता मात्र काही करणार नाही.’ असं आधीच सांगितलं तर मूल गप्प होतं, असं माझ्या काही सहकाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे.

तीन भेटी ती फक्त खेळाबद्दल बोलली. मी बोलू दिलं. घोट्याची पकड कशी घालायची, हे तिनं मला टेबलाच्या पायावर करून दाखवलं. चौथ्या भेटीत निघता निघता म्हणाली, ‘मॅडम, कबड्डीत तर सगळेच धरतात. मांडी, कंबर, कुठंही. मग चुकीचं कुठलं, ते कसं कळणार?’

तोवर मी समजत होते, पोरीची हिंमत होत नाहीये. अंगावर येणाऱ्या चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेणाऱ्या पोरीला हिंमत काय कमी! ती अडली होती या प्रश्नापाशी.

‘मॅटवर पकड होते, तेव्हा कोण कोण बघत असतं?’

‘पंच. दोन्ही संघ. बघायला आलेले सगळे.’

‘आणि सर मालिश करायचे तेव्हा?’

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग हळू आवाजात, ‘म्हणूनच ते बाकीच्या पोरींना आधी घरी पाठवायचे.’

तिनं वाकून नीकॅप उतरवली, घडी घातली आणि दप्तरात ठेवली. चांगला-वाईट स्पर्श असं काही मी तिला शिकवलं नव्हतं. उत्तर तिचं तिनं शोधलं, आणि म्हणून ते टिकलं.

पुढचं मी आईवडलांना जसं सांगितलं, तसंच इथं सांगते. मूल अठरा वर्षांखालचं असेल, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ही गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखानं दाबली, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय. मुलीचं नाव छापता येत नाही. पोलीस ठाण्याची पायरी जड वाटली, तर 1098 वर रात्री-अपरात्रीही फोन करा. खेळाडू सज्ञान असेल, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात मैदान आणि क्रीडासंकुल हे कामाचं ठिकाणच धरलंय; तक्रार समितीकडं घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज द्यावा. आणि घरात ‘आधीच का नाही सांगितलंस?’ हे वाक्य कुणीही उच्चारू नका. माझ्याकडं येणारी पोरं सरांपेक्षा या वाक्याला जास्त घाबरलेली असतात.

जबाबाच्या दिवशी वडील रजा टाकून घरी थांबले. त्या वर्षीची स्पर्धा हुकली, ते तिला लागलंही. आता ती दुसऱ्या मैदानावर जाते. परवा आईचा फोन आला होता. नव्या प्रशिक्षकांनी पट्ट्या चिकटवायला, म्हणजे टेपिंगला, ऑफिसात ये म्हटलं, तर पोरगी म्हणाली, ‘सर, इथंच मॅटच्या कडेला करा.’ त्यांनी पेटी बाहेर आणली.