कॉलेजची यादी खालून लिहायला घ्या

मुलगी बारावीला आहे, रात्री उशिरापर्यंत तिचे अर्ज चाळत बसते आणि मग झोपच लागत नाही, असं अमेरिकेतल्या एका आईने कळवलं आहे.

ताई, तुमची घालमेल समजते. आपण गुणवत्ता यादीत वाढलो. इतके टक्के पडले की अमुक कॉलेज, हे ठरलेलं. अमेरिकेत तसा हिशोब नाही. हार्वर्डला अर्ज करणाऱ्या शंभरातल्या पाचांनाही होकार मिळत नाही, आणि नाकारलेल्यांत उत्तम मार्कांची मुलं ढिगाने असतात. त्या नकारावरून लेकीची लायकी मोजू नका.

यादी करताना आधी अशी दोन कॉलेजं शोधा, जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे, खर्च झेपतो आणि मुलगी आनंदाने जाईल. ही तिसरी अट बहुतेक घरांत राहूनच जाते. ज्याचं नाव चारचौघांत सांगायला आईबापांनाच संकोच वाटतो, असं कॉलेज ‘सेफ्टी’ म्हणून टाकलं, तर मुलांना ते लगेच कळतं.

खर्चाचा अंदाज कॉलेजच्या वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर आजच काढा. ‘अर्ली डिसिजन’, म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करून लवकर निकाल मिळवणं, बंधनकारक असतं. तिथे होकार आला की इतर कॉलेजांच्या आर्थिक मदतीशी तुलना करायची सोय उरत नाही. मुलगी एच-फोरवर (एच-वन व्हिसावर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, आर्थिक मदत मिळत नाही, हे तिला आताच सांगा. एप्रिलमध्ये, निकाल आल्यावर कळलं तर फार लागतं.

एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या क्लासचे पैसे भरण्याआधी प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ उघडा. मार्क, निबंध, परीक्षा यांतल्या कशाला किती वजन, याचा तक्ता त्यात असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी एसएटी बघतच नाही. एमआयटीने 2022 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली.

निबंध मात्र तिचा तिला लिहू द्या. 650 शब्दांत तुमची दोन घोटीव वाक्यं घुसली, तरी सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज हरवतो.

घरात कॉलेजच्या गप्पांसाठी रविवारचा एक तास ठरवा. इतर दिवशी जेवताना तो विषय नको, अगदी ‘सहज विचारलं’ म्हणूनही नको. भारतातून आजी-आजोबांचे, काकांचे फोन येतील, तेव्हा तिच्या हातात फोन देण्याआधी तुम्हीच सांगा, “ठरलं की आम्ही कळवू.” आणि तिचं जेवण-झोप बिघडलेली दिसली, तर निकालांची वाट न बघता शाळेच्या काउन्सेलरला भेटा.