जलसंजीवनीत साखर कशाला?

जुलाबात नुसतं मीठ-पाणी का पुरत नाही, आणि साखर ताकदीसाठी असेल तर थोडी जास्त घातल्यानं काय बिघडतं, असं विचारलंय. मुळात जलसंजीवनीतली (ओआरएसमधली) साखर ताकदीसाठी नसते, मीठ आत न्यायला असते.

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचा मेदाचा दुहेरी थर. ऑक्सिजन त्यातून सहज जातो. मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जात नाहीत, त्यांना वाहक प्रथिन लागतं. लहान आतड्याच्या पेशींवर, आतड्याच्या पोकळीच्या (जिथून अन्न-पाणी जातं त्या) बाजूला, एसजीएलटी-१ हे असं वाहक प्रथिन असतं. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदमच आत घेतं. त्यामागचा जोर येतो तो रक्ताच्या बाजूच्या सोडियम-पोटॅशियम पंपातून. एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूमागे) हा पंप ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम सतत कमी राहतं आणि पोकळीतलं आत ओढलं जातं. मीठ आणि ग्लुकोज रक्ताकडे गेले की परासरणानं (पाणी जास्त तीव्र द्रावणाकडे ओढलं जातं त्या क्रियेनं) पाणी त्यांच्या मागे जातं.

कॉलऱ्याच्या विषानं पेशीतलं सायक्लिक एएमपी (आत निरोप पोचवणारा रेणू) वाढतं, क्लोराइडचे मार्ग उघडेच राहतात आणि पाणी पोकळीत वाहू लागतं. मीठ शोषण्याचा एरवीचा रस्ताही मंदावतो. एसजीएलटी-१ मात्र शाबूत असतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं, तेही सलाइनचा तुटवडा असताना.

आता जास्त साखरेचं. जलसंजीवनीच्या सध्याच्या सूत्रात लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलीमोल, एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची तीव्रता) २४५, म्हणजे रक्तापेक्षा (सुमारे २९०) कमी. साखर वाढवली की द्रावण रक्तापेक्षा तीव्र होतं, पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक आणि डब्यातला ज्यूस याच कारणानं नकोत. शिवाय त्यांत सोडियम नावापुरतंच. शुगर-फ्री गोळी घालणंही व्यर्थ, एसजीएलटी-१ला खरं ग्लुकोजच लागतं.

सर्रास होणारी चूक म्हणजे लिटरभर पाण्यासाठीचं पाकीट एका पेल्यात कालवणं. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, तेव्हा पाकिटावर वाचूनच पाणी मोजा. पाणी आधी उकळून गार करा, तयार द्रावण पुन्हा उकळू नका, २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा ५ मिलीचा). साध्या साखरेतूनही आतड्यात ग्लुकोज सुटतं. यात पोटॅशियम नसतं, म्हणून पाकीट मिळेपर्यंतच. मीठ घातलेली भाताची पेजही चालते: स्टार्चमधून ग्लुकोज हळूहळू सुटतं, त्यामुळे द्रावण तीव्र होत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५०–१०० मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त आलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.