आकडा नको, आधी तिथी बघ

प्रिय मित्रा,

उल्कावर्षाव कधी आणि कसा बघावा, असं तू विचारलंस. 'तासाला शंभर उल्का' हा बातमीतला आकडा मनात धरून बसला आहेस, तर आधी त्याचंच बोलू. आकडा खोटा नाही, पण तो आदर्श आकाशासाठी काढलेला असतो: उल्का ज्या बिंदूपासून फाकताना दिसतात तो बरोबर डोक्यावर, आकाश काळंकुट्ट आणि ढग अजिबात नाहीत. तो बिंदू क्षितिजापासून 30 अंशांवर असेल, तर आकडा तिथेच निम्मा होतो. वर शहराचा उजेड असला की फिकट उल्का दिसेनाशा होतात, आणि बहुतेक उल्का फिकटच असतात. पहिल्याच रात्री तुझा हिरमोड होऊ नये, म्हणून हे आधी सांगतो आहे.

त्यामुळे कुठला वर्षाव बघायचा हे ठरवताना आधी तिथी बघ. पौर्णिमेच्या आसपास असलेला मोठा वर्षावही फिका पडतो, आणि अमावास्येच्या जवळचा मध्यम वर्षावसुद्धा रात्र सार्थकी लावतो. अष्टमीचा चंद्र दोन्ही पक्षांत सारखाच अर्धा, पण आपल्याला फरक पडतो. शुक्ल अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पुढची रात्र मोकळी सोडतो. वद्य अष्टमीचा नेमका त्याच वेळी उगवतो. वर्षावाच्या इंग्रजी तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात, चंद्राच्या कला मात्र त्या तारखांवर अकरा-एक दिवसांनी सरकतात. म्हणून गेल्या वर्षी कुणाला छान दिसलेला वर्षाव यंदा तुला तसाच दिसेल असं धरून चालू नकोस.

मध्यरात्रीनंतरचे तास सोडू नकोस. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण 30 किलोमीटर वेगाने धावते, आणि मध्यरात्रीनंतर आपली बाजू तिच्या धावण्याच्या दिशेला वळत जाते. पावसात धावणाऱ्याची छाती पाठीपेक्षा जास्त भिजते, तसे धूमकेतूने मागे सोडलेले कण पहाटेच्या बाजूवर जास्त आदळतात. हे कण बहुतेक वाळूएवढेच, पण साधारण शंभर किलोमीटर उंचीवर ते असे काही उजळतात की डोळ्यांना पुरे.

माझं ऐकशील तर सुरुवात मिथुनेच्या वर्षावापासून कर. 13 आणि 14 डिसेंबरच्या मधली रात्र त्याच्या भराची. त्याचा बिंदू मिथुन राशीतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. उत्तर गोलार्धात तो रात्री दहापर्यंत बऱ्यापैकी वर येतो आणि दोनच्या सुमारास सगळ्यांत उंच असतो, म्हणजे पहाटेची वाट बघावी लागत नाही. या उल्का सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने येतात. सिंहेच्या वर्षावातल्या उल्कांच्या 71 किलोमीटरच्या मानाने त्या संथ, म्हणून नवख्या डोळ्यालाही सापडतात. या वर्षावाचं मूळ धूमकेतूत नसून 1983 साली सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहात आहे, आणि मला हा वर्षाव सगळ्यांत प्रिय असण्याचं तेही एक कारण आहे.

ययाती तारकासमूहाचा वर्षाव 12-13 ऑगस्टला, स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या धुळीतून. मेच्या पहिल्या आठवड्यातला कुंभेचा आणि 21 ऑक्टोबरच्या आसपासचा मृगाचा, हे दोन्ही हॅलेच्या धूमकेतूचे. जानेवारीच्या सुरुवातीचा भूतप तारकासमूहाच्या भागातला वर्षाव जोरदार असतो, पण त्याचा भर काही तासच टिकतो. तो सध्या राहू दे.

दुर्बीण नेऊ नकोस. तिच्यातून आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो आणि उल्का कुठेही चमकते. सतरंजी घाल, पाठीवर झोप, वाटेल त्यापेक्षा एक पांघरूण जास्त घे, कारण हालचाल नसलेलं अंग लवकर गारठतं. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा उघडलास की ती पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. उजेड लागलाच तर मंद लाल. नजर थेट बिंदूवर रोखू नकोस, कारण तिथल्या उल्कांच्या रेघा आखूड असतात. त्याच्यापासून चाळीस-पन्नास अंश बाजूला, जिथे आकाश सर्वांत काळं असेल तिथे बघ. दहा मिनिटं काहीच दिसणार नाही, मग एका मिनिटात तीन दिसतील. तेव्हा किमान सलग एक तास दे.

आणि मोज. सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ढग किती होते, सर्वांत फिकट कुठला तारा दिसत होता, हे लिहून ठेव. प्रत्येक उल्केची रेघ मनाने मागे वाढव. ती बिंदूपाशी पोचली तर या वर्षावाची धर, नाहीतर भटकी म्हणून वेगळी मोज. 1988 साली स्थापन झालेली इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशन हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदी गोळा करते आणि त्यांवरून वर्षावाचा चढउतार मांडते. तिथे कमी आकड्यालाही मोल आहे, मात्र वेळ आणि आकाशाची स्थिती नीट लिहिलेली हवी. पहिल्या रात्रीची नोंद मलाही पाठव, चारच उल्का असल्या तरी.

तुझा,
आकाशवेडा काका