खडकातली ‘धमनी’ नव्हे, शीर

एका वाचकांनी विचारले आहे : बोहेमियातील योआखिम्सताल, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह, येथील जुन्या खाणींविषयी एका मराठी लेखात ‘बहुधातुक धमनी’ असा प्रयोग आढळला, दुसऱ्या लेखात त्याच अर्थी ‘नस’ आणि तिसऱ्यात ‘शीर’ होती. यांपैकी बरोबर शब्द कोणता?

खडकातील खनिजांनी भरलेल्या भेगेसाठी बरोबर शब्द ‘शीर’ हाच आहे. हल्ली खनिजांविषयीच्या प्रत्येक दुसऱ्या बातमीत ‘धमनी’ वाचावी लागते आणि दर वेळी मन खट्टू होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हाताची शीर, गळ्याच्या शिरा ताणून बोलणे, हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. ते सोडून देऊ. ‘नस’ बोलण्यात चालते, पण खडकाला ती कधी चिकटलेली नाही.

‘धमनी’चे समर्थक म्हणतात की शब्द भारदस्त आहे आणि जुन्या वैद्यकात धमनी व शिरा यांत फारसा भेद नव्हता. दुसरे विधान निदान शब्दांच्या मुळापाशी टिकत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तिसाव्या अध्यायात, या शब्दांची व्युत्पत्ती एका ओळीत दिली आहे : ‘ध्मानाद् धमन्यः स्रवणात् स्रोतांसि सरणात् सिराः’. फुंकले जाते म्हणून धमनी, पाझरते म्हणून स्रोतस आणि सरते, म्हणजे पुढे पुढे जाते, म्हणून सिरा. ‘ध्मा’ हा फुंकण्याच्या अर्थाचा, व्याकरणातला धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ, आहे. तो लोहाराचा आहे, भात्याचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ब्रह्मणस्पती ‘कर्मार इव अधमत्’, लोहारासारखे फुंकतो. धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात ते खनिज, वितळवणाऱ्या भट्टीपाशी हे क्रियापद शोभेल. डोंगराच्या पोटात, जिथे फुंकणारे कोणी नाही, तिथे त्याचे काम काय?

तिथे काम आहे ते ‘सरणा’चे. घाटरस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या काळ्या कातळात बोटभर रुंदीची पांढरी रेघ आडवीतिडवी गेलेली पुष्कळांनी पाहिली असेल. जवळ जाऊन पाहिले तर तिच्या दोन्ही कडांना सारखेच थर दिसतात, स्फटिकांची टोके आत, मधल्या पोकळीकडे वळलेली असतात आणि सर्वांत शेवटी साचलेले खनिज बरोबर मध्यभागी असते. आधी भेग पडली, मग तिच्यातून खनिजे विरघळलेले पाणी सरत गेले आणि जाता जाता दोन्ही भिंतींवर थर ठेवत गेले. योआखिम्सतालच्या शिरा याच जातीच्या, फक्त कितीतरी मोठ्या आणि श्रीमंत. तिथला अभ्रकी सुभाजा, म्हणजे अभ्रक असलेला पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक, ग्रॅनाइटच्या सान्निध्यात आहे, त्यात भेगा पडल्या आणि उष्ण द्रावणांनी एकामागून एक अशा फेऱ्यांत त्या भरल्या. एका फेरीत क्वार्ट्झ, दुसरीत कार्बोनेटांबरोबर युरेनियम, आणखी एकीत कोबाल्ट-निकेलची आर्सेनिकयुक्त खनिजे, शिवाय चांदी आणि बिस्मथ. एकाच भेगेत इतके धातू, म्हणून ती बहुधातुक.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले तिथे येतो. जर्मन खाणकामगार या शिरेला ‘गांग’ म्हणतात आणि तो शब्द ‘गेहेन’, म्हणजे जाणे, या क्रियापदाच्या कुळातला आहे. गांग म्हणजे जाणे, चाल, वाट. चरकाच्या ‘सरणात् सिराः’ या ओळीत जी कल्पना आहे नेमकी तीच शेजारच्या जर्मन सॅक्सनीच्या खाणकामगाराने, संस्कृताशी काहीही संबंध नसताना, आपल्या शब्दात बांधली. हाच गांग फ्रेंचमधून इंग्रजीत ‘गँग’ (gangue) होऊन गेला आणि शिरेतील निरुपयोगी दगडाचे, मलखनिजाचे, नाव बनला. काही उत्साही मंडळी या ‘गांग’चे नाते लगेच आपल्या ‘गम्’, ‘गमन’ यांच्याशी जोडतात. ते साफ चूक आहे. ‘गम्’चे खरे भावंड म्हणजे जर्मन ‘कोमेन’ आणि इंग्रजी ‘कम’. ‘गांग’चे संस्कृतातील भावंड आहे ‘जंघा’, पाऊल टाकण्याच्या अर्थाच्या मुळापासून आलेले, आणि त्याचीच मराठी लेक म्हणजे आपली ‘जांघ’. खडकातल्या शिरेचे जर्मन नाव आणि आपल्या शरीरातली जांघ एका कुळातली निघावी, याचा आनंद मला आजही ओसरत नाही.

साम्य इथेच थांबत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा भूजलशोधाचा अध्याय आहे. त्याच्या आरंभीच सांगितले आहे की माणसाच्या अंगात जशा शिरा, तशाच भूमीतही उंच-सखल शिरा असतात. या शिरांना आठ दिशांच्या अधिपतींची नावे आहेत, आणि मधल्या नवव्या शिरेला महाशिरा म्हटले आहे. योआखिम्सतालचे खाणकामगारही शिरांची नावे दिशेवरूनच ठेवत. पूर्व-पश्चिम जाणारी ती ‘मोर्गेनगांग’, सकाळची शीर. उत्तर-दक्षिण जाणारी ती ‘मिटरनाख्टगांग’, मध्यरात्रीची शीर. धातुकाची श्रीमंती मुख्यतः मध्यरात्रीच्या शिरांत होती. भूमीला ‘शिरा’ असतात हे म्हणायला आपल्याला कोणाचा शब्द उसना घ्यायचा नव्हता. सहाव्या शतकातला शब्द हाताशी असताना ‘धमनी’ घडवणे हे मला भाषेकडे केलेले दुर्लक्ष वाटते.

शोधाचा इतिहासही सरणाचाच आहे. १५१६मध्ये इथे चांदी लागली, तिथला सरदार काउंट श्लिक याच्या टाकसाळीतली नाणी ‘योआखिम्सतालर’, पुढे नुसती ‘थालर’ म्हणवू लागली, आणि ‘डॉलर’ हा शब्द तिथूनच निघाला. १५२७मध्ये गेओर्ग अग्रिकोला गावचा वैद्य म्हणून आला आणि खाणकामगारांच्या सहवासात राहून त्याने या शिरांचा अभ्यास केला. भेगा खडकानंतरच्या आहेत आणि त्यांत फिरणाऱ्या द्रवातून धातुक साचते, असे त्याने १५४६मध्ये लिहिले. पुढे १७९१मध्ये फ्रायबर्गचा भूवैज्ञानिक वेर्नर याने या भेगा वरून, आदिसमुद्राच्या पाण्याने भरल्या असे प्रतिपादन केले. भेगांविषयी तो बरोबर होता, दिशेविषयी चुकला. माझ्या मते अडीचशे वर्षे आधीचा अग्रिकोला शब्दाच्या अर्थाशीही अधिक प्रामाणिक होता.

चांदी ओसरल्यावर निळ्या काचेसाठी कोबाल्ट काढले गेले, आणि एकेकाळी टाकाऊ ठरलेला काळा जड दगड, पेचब्लेंड, एकोणिसाव्या शतकात युरेनियमच्या रंगांसाठी उपयोगी पडला. ते रंग काढून उरलेल्या याच चोथ्यातून मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम वेगळे केले. १८६४मध्ये इथल्या स्वोर्नोस्ट नावाच्या खाणीत खोलवर अचानक पाणी फुटले. आज तिथे धातुक निघत नाही. सुमारे ५०० मीटर खोलीवरचे ते कोमट, रेडॉनयुक्त पाणी मात्र उपचारगृहांसाठी वर आणले जाते. शीर अजून सरते आहे.

तेव्हा वाचकांनी ‘बहुधातुक शीर’ लिहावे, अनेकवचनी ‘बहुधातुक शिरा’, आणि विभक्तीत ‘शिरेतील’, ‘शिरांमधील’. ह्रस्व ‘शिर’ लिहिले तर ते डोके होते, एवढे सांभाळावे.