सीएफएल बल्ब घरात फुटला तर काय करावं?

आधी पंखा-एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांना खोलीबाहेर ठेवा. बल्बमध्ये ५ मिलिग्रॅमपर्यंत पारा असतो. थोडाच, पण खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ होते आणि ती श्वासात जाते. म्हणून केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, त्यानं बल्बमधली पारा असलेली पांढरी भुकटी घरभर उडते. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्यानं काचा उचला, पूड चिकटपट्टीनं टिपा, मग ओल्या कागदानं फरशी पुसा. पट्टी-कागदासकट सगळं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. ती बरणी घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. सुक्या कचऱ्यात मिसळलीत तर गाडीत चिरडून तोच पारा सफाई कामगारांच्या श्वासात जाईल, हे कृपा करून टाळा. नवा दिवा एलईडी घ्या, त्यात पारा नसतो.